वेगळ्या कंपनीचा आरयू, सर्व्हरवरचा डीयू: पीटीपी लॉक दिसतो, पण एकही पॅकेट वेळेत नाही

अक्कलकोटरोड_लॅब:

नमस्कार मंडळी. सोलापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये ओपन रॅनचा (वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जोडून केलेल्या मोबाइल बेस स्टेशनचा) लहानसा सेटअप उभा करतोय. पुढे एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात खाजगी ५जी म्हणून दाखवायचा बेत आहे, पण त्याआधी लॅबमध्ये निदान एक फोन तरी जोडला गेला पाहिजे.

आरयू (अँटेनाजवळचं रेडिओ युनिट) ४टी४आर आहे, म्हणजे चार पोर्टांचा, एन७८ बँड, १०० मेगाहर्ट्झ, ३० किलोहर्ट्झ स्पेसिंग, स्प्लिट ७.२एक्स (आरयू आणि डीयूमधली कामाची वाटणी), पोर्टला २५० मिलीवॅट, फ्रंटहॉलला (आरयू-डीयूमधल्या जोडणीला) १० जीचा एसएफपी प्लस (फायबरचं मॉड्यूल). डीयू आणि सीयू (बेस स्टेशनचं सिग्नल आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) एकाच सर्व्हरवर, एसआरएसरॅन प्रोजेक्ट, डीपीडीके (नेटवर्क कार्ड थेट ताब्यात घेणारी लायब्ररी) लावून. नेटवर्क कार्ड इंटेल ई८१०. कोअर (नेटवर्कचा मुख्य भाग) ओपन५जीएस. मधला स्विच बाउंड्री क्लॉकवाला (पीटीपीनं नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा) असून जीएनएसएस (उपग्रहावरून वेळ घेणारा) अँटेना त्यालाच आहे, म्हणजे एलएलएस-सी३ मांडणी. आरयू शेजारच्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मधे ४०० मीटर सिंगल मोड फायबर. अँटेना जोडलेला नाही: ३० डीबीचा ॲटेन्युएटर, केबल, आणि फोन शील्ड बॉक्समध्ये.

आरयू म्हणतो पीटीपी लॉक. सर्व्हरवर पीटीपी४एलचा ऑफसेट २० नॅनोसेकंदांच्या आत. तरीही आरयूच्या काउंटरमध्ये आरएक्स-ऑन-टाइम (वेळेत आलेली पॅकेट) शून्य आणि आरएक्स-अर्ली (वेळेआधी आलेली) धो धो वाढतोय. फोनला एसएसबी (सेलचा ओळख-सिग्नल) दिसतच नाही. दोन्ही बाजू ७.२एक्स पाळतात असं कागदावर आहे, मग अडतंय कुठं?

सिंकवाला_होटगी:

लॉक म्हणजे दोन्ही घड्याळांची चाल जुळली. त्यांच्यावरचा आकडा जुळला, असा त्याचा अर्थ नाही. तुमची लक्षणं पूर्ण सेकंदांच्या चुकीची आहेत.

पीटीपीवरून येते ती टीएआय (अणुघड्याळांची, लीप सेकंद नसलेली) वेळ. आज टीएआय यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे आणि जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे, म्हणजे टीएआय आणि जीपीएसमध्ये १९ चा फरक. ओ-रॅनमध्ये फ्रेमचा (१० मिलीसेकंदांच्या तुकड्याचा) नंबर मोजायचा तो जीपीएसच्या आरंभापासून, ६ जानेवारी १९८० पासून. आरयू पीटीपीमधून १९ वजा करून बरोबर नंबर काढतो. डीयूचं सॉफ्टवेअर सर्व्हरचं सिस्टिम घड्याळ वाचतं, ते यूटीसी आहे असं धरतं आणि १८ मिळवतं. तुमचं सिस्टिम घड्याळ टीएआयवर चालत असेल तर डीयू ३७ सेकंद पुढे पळतोय, म्हणून अर्ली.

हे ताडून बघता येतं. फ्रंटहॉलच्या पॅकेटमध्ये फ्रेम नंबरला ८ च बिट असतात, त्यामुळे तो २५६ फ्रेमनंतर, म्हणजे दर २.५६ सेकंदांनी, शून्यावर येतो. चूक पूर्ण सेकंदांची असली की सबफ्रेम आणि स्लॉट बरोबर दिसतात, फक्त फ्रेम हुकते. ३७ सेकंद चुकले तर फरक ११६ चा, १९ चुकले तर १०८ चा, १८ चुकले तर ८ चा. हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

पकडायचं कसं? डीपीडीकेनं कार्ड ताब्यात घेतल्यावर सर्व्हरवर टीसीपीडंपला काही दिसत नाही. स्विचवर पोर्ट मिरर करा आणि दुसऱ्या एखाद्या मशीनवर वायरशार्क लावा, इथरटाइप ०एक्सएईएफई. त्या मशीनचं घड्याळ साध्या एनटीपीवर असलं तरी चालतं, कारण इथं १० मिलीसेकंदांचा हिशेब आहे. पॅकेटच्या युनिक्स वेळेतून ३१५९६४७८२ वजा करा, १०० ने गुणा, पूर्णांक घ्या, २५६ ने भागून बाकी काढा. जो आकडा येईल तोच पॅकेटच्या फ्रेम आयडीत हवा. डीयू काही शे मायक्रोसेकंद आधी पाठवतो, त्यामुळे फ्रेमच्या अगदी टोकाला एकाचा फरक दिसला तर तो सोडून द्या.

११६ आला तर पीएमसी (पीटीपीची माहिती विचारणारी कमांड) वापरून टाइम प्रॉपर्टीज डेटा सेट मागवा. त्यात करंट-यूटीसी-ऑफसेट ३७, त्याचं व्हॅलिड १ आणि पीटीपी-टाइमस्केल १ असायला हवं. स्विच पीटीपी-टाइमस्केल ० पाठवत असेल तर पीएचसी२सिस (कार्डाच्या घड्याळावरून सिस्टिम घड्याळ लावणारा प्रोग्राम) ऑफसेट लावत नाही आणि सिस्टिम घड्याळ गुपचूप टीएआयवर जातं. मूळ दुरुस्ती स्विचवर. ती जमेना तर पीएचसी२सिसला ऑफसेट उणे ३७ हातानं द्या. आणि क्रोनी किंवा सिस्टिमडीचं टाइमसिंक चालू असेल तर आधी बंद करा. एका घड्याळाला दोन मालक झाले की ऑफसेट करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो.

जीपीएस अल्फा आणि बीटा ही दोन मूल्यं दोन्हीकडे शून्य आहेत ना, तेही पाहा. बीटा १० मिलीसेकंदांच्या पटीत फ्रेम सरकवतो. कुणी कुठली नमुना फाइल उचलली असेल तर तिथं काहीही भरलेलं असतं.

अक्कलकोटरोड_लॅब:

फरक बरोबर ११६ च निघाला. स्विच पीटीपी-टाइमस्केल ० पाठवत होता. ते सुधारल्यावर ऑन-टाइम वाढू लागला, अर्ली शून्य. फोनला नेटवर्क दिसतं, एसआयबी१ (सेलची मूळ माहिती) वाचला जातो. पण फोन जोडला जात नाही, डीयूच्या लॉगमध्ये प्रॅक (जोडणीसाठी फोननं दिलेली पहिली हाक) शून्य. शिवाय मधूनच आरएक्स-लेट एका झटक्यात वाढतो आणि पुन्हा शांत. आणि दुपारी तीनच्या सुमारास फ्रंटहॉलची लिंकच पडते, संध्याकाळी आपोआप येते.

फ्रंटहॉलवरच्या डेटाच्या कॉम्प्रेशनचा घोळ असेल तर ते बंदच करून बघू का?

फ्रंटहॉल_फेरी:

कॉम्प्रेशन बंद करू नका, १० जीमध्ये मावणार नाही. हिशेब करा: १०० मेगाहर्ट्झला २७३ पीआरबी (१२ सबकॅरियरांचे गट), सेकंदाला २८,००० सिम्बॉल. १६ बिट आयक्यू (सिग्नलचे नमुने) म्हणजे पीआरबीला ४८ बाइट, एका स्ट्रीमला साधारण २.९४ गिगाबिट, चार स्ट्रीमला ११.७. ९ बिटांचं ब्लॉक फ्लोटिंग पॉइंट घेतलं तर पीआरबीला २७ अधिक एक्स्पोनंटचा १ असे २८ बाइट, स्ट्रीमला १.७१, चारांना ६.८५ गिगाबिट. हेडर धरूनही १० जीमध्ये बसतं. टीडीडीत (एकाच बँडवर आळीपाळीनं दोन्ही दिशा) एका दिशेला निम्माअधिक वेळच वाहतूक असते असा युक्तिवाद लोक करतात, पण प्रत्येक सिम्बॉल त्याच्या खिडकीत पोचावा लागतो, सरासरी तिथं कामाची नाही.

आता प्रॅक. डाउनलिंक नीट आणि प्रॅक शून्य, तर तीन जागा बघायच्या.

पहिली, ईएएक्ससी आयडी, म्हणजे पॅकेट कुठल्या अँटेना-प्रवाहाचं ते सांगणारा नंबर. बऱ्याच आरयूंमध्ये साध्या अपलिंकचे पोर्ट ० ते ३ आणि प्रॅकचे ४ ते ७ असतात. डीयूच्या फाइलमध्ये प्रॅकला ० ते ३ च लिहिलेलं असेल तर पॅकेट येतात पण डीयू ती टाकून देतो. हा १६ बिटांचा आयडी डीयू पोर्ट, बँड-सेक्टर, कॅरियर आणि आरयू पोर्ट अशा चार भागांत वाटलेला असतो. कुठल्या भागाला किती बिट, हेही दोन्हीकडे सारखं लागतं. आरयूमध्ये ४-४-४-४ आणि डीयूमध्ये वेगळी वाटणी असली की पोर्ट ० चं जुळतं, बाकी सगळी सरमिसळ.

दुसरी, प्रॅकचा सी-प्लेन (नियंत्रणाचे संदेश). काही आरयूंना प्रत्येक प्रॅकसाठी सेक्शन टाइप ३ चा संदेश लागतो, काहींना एम-प्लेनवरून (व्यवस्थापनाच्या जोडणीवरून) एकदा सांगितलं की पुरतं. डीयूमध्ये त्याचा स्विच असतो, आरयूच्या कागदावर जे असेल तसा ठेवा. मिररवर आरयूकडून प्रॅकची पॅकेटच येत नसतील तर दोष इथं आहे.

तिसरी, आणि माझा पैसा हिच्यावर: कॉम्प्रेशन हेडर. कॉम्प्रेशन स्टॅटिक असेल तर प्रत्येक सेक्शनमधले कॉम्प्रेशन हेडरचे दोन बाइट नसायला हवेत. काही आरयू स्टॅटिक असूनही ते पाठवतात. डीयूची समजूत उलटी असली तर सगळा आयक्यू दोन बाइटांनी सरकतो आणि हाती नुसता गोंगाट लागतो. एरर कुठंच येत नाही, म्हणून माणूस आठवडा घालवतो. शिवाय काही आरयू डेटाला ९ बिट आणि प्रॅकला मात्र १६ बिट विनाकॉम्प्रेशन देतात.

हे न फोडता नुसत्या लांबीवरून कळतं. प्रॅक फॉरमॅट बी४ असेल तर १२ पीआरबी येतात. वायरशार्कमध्ये ईसीपीआरआयचं (फ्रंटहॉलच्या पॅकेट प्रोटोकॉलचं) पेलोड साइझ बघा:

३४८ म्हणजे ९ बिट, हेडर नाही.
३५० म्हणजे ९ बिट, हेडर आहे.
५८८ म्हणजे १६ बिट, हेडर नाही.
५९० म्हणजे १६ बिट, हेडर आहे.

आकडा मिळाला की डीयूची प्रॅक कॉम्प्रेशन आणि स्टॅटिक हेडरची सेटिंग त्याप्रमाणे लावा. डेटा चॅनेलची लांबीही तशीच तपासा. पूर्ण २७३ पीआरबीला, हेडर नसताना, पेलोड ७६५६ हवा. आणि पीआरबींच्या संख्येच्या (numPrb) रकान्यात २७३ शोधू नका. तो ८ बिटांचा आहे, त्यामुळे तिथं ० लिहितात आणि त्याचा अर्थ ‘सगळे’.

एवढ्या लांबीवरून आठवलं, एमटीयू, म्हणजे पोर्टवर चालणारी कमाल लांबी. सर्व्हरच्या पोर्टवर ९००० ठेवून आरयूकडच्या पोर्टवर १५०० राहिला की डाउनलिंक आणि अपलिंकचं वागणं वेगवेगळं होतं आणि स्विच मोठी फ्रेम मुकाट्यानं टाकून देतो. दोन्ही पोर्टांवर ९२१६ करा आणि स्विचवर ओव्हरसाइझचा काउंटर बघा.

सिंकवाला_होटगी:

लेटच्या झटक्यांबद्दल. ३० किलोहर्ट्झला स्लॉट ५०० मायक्रोसेकंदांचा. प्रोसेसरचा कोअर खोल सी-स्टेटमधून (वीज वाचवणाऱ्या झोपेतून) उठायलाच शंभरावर मायक्रोसेकंद खातो, की झाला तो स्लॉट लेट. बायॉसमध्ये सी-स्टेट बंद, पॉवर प्रोफाइल परफॉर्मन्स. कर्नल रिअल-टाइम घ्या. डीयूचे कोअर आयसोल-सीपीयूज, नोहझ-फुल आणि आरसीयू-नो-सीबीज या तिन्हींमध्ये द्या, आयआरक्यूबॅलन्स बंद करा, १ जीबीची ह्यूजपेजेस ठेवा. कार्ड ज्या न्यूमा नोडवर (प्रोसेसर-मेमरीच्या गटावर) आहे त्याच नोडचे कोअर वापरा. मग लोड टाकून सायक्लिकटेस्ट तासभर चालवा. वेगळ्या काढलेल्या कोअरवर कमाल आकडा १०-२० मायक्रोसेकंदांच्या वर जात असेल तर डीयूला हात लावू नका, आधी सर्व्हर सुधारा.

त्यानंतर खिडक्या, म्हणजे पॅकेट पाठवण्या-पोचण्याच्या वेळमर्यादा: डीयूची पाठवण्याची टी१ए आणि घेण्याची टीए४, आरयूची घेण्याची टी२ए आणि पाठवण्याची टीए३. दुसऱ्या आरयूच्या नमुना फाइलमधले टी१ए आणि टीए४ तसेच राहिलेले असतात, हे नेहमीचं. नियम साधा आहे. डीयूचा टी१ए-मिन हा आरयूच्या टी२ए-मिन अधिक वाटेतल्या जास्तीत जास्त विलंबापेक्षा कमी नको. टी१ए-मॅक्स हा टी२ए-मॅक्स अधिक कमीत कमी विलंबापेक्षा जास्त नको. समजा आरयूच्या कागदावर यू-प्लेनला (डेटाला) टी२ए ८० ते २५० मायक्रोसेकंद आहे. ४०० मीटर फायबरचे २ मायक्रोसेकंद (किलोमीटरला ५ धरा) आणि स्विचचे मिळून वाट ४ ते १० ची असेल, तर डीयूचा टी१ए ९० ते २५४ च्या आत बसवायचा. अपलिंकला टीए४-मॅक्स म्हणजे आरयूचा टीए३-मॅक्स अधिक जास्तीत जास्त विलंब. तो आखूड ठेवला तर आलेला प्रॅकही डीयू उशिराचा म्हणून फेकतो. तेव्हा फेरींनी सांगितलेल्या तीन जागांत ही चौथी धरा.

सी-प्लेनच्या खिडक्या डाउनलिंक आणि अपलिंकला वेगळ्या असतात, एकच आकडा दोन्हीकडे चिकटवू नका.

पत्रा_४५_डिग्री:

दुपारी तीनला पडते आणि संध्याकाळी येते, याचं उत्तर वरतीच दिसतंय मालक. सोलापूरचा एप्रिल आणि पत्र्याची शेड! बाहेर ४२ असेल तर पत्र्याखाली ४५ च्या वर सहज. साधा एसएफपी ० ते ७० अंशांचा असतो आणि ते ७० म्हणजे मॉड्यूलच्या केसचं तापमान, खोलीचं नव्हे. आरयूच्या स्वतःच्या उष्णतेनं मॉड्यूल त्याच्यावर आणखी २०-२५ अंश चढतं. उणे ४० ते ८५ चं इंडस्ट्रियल ग्रेड मॉड्यूल घ्या. खात्रीसाठी सर्व्हर किंवा स्विचच्या टोकाला मॉड्यूलची माहिती वाचता येते, ईथटूलला एम पर्याय देऊन. पण तुम्हाला हवं ते आरयूच्या टोकाचं. ते एम-प्लेनवर ट्रान्सीव्हरच्या माहितीत मिळतं. तापमान, टीएक्स पॉवर, आरएक्स पॉवर दर मिनिटाला नोंदवा. टीएक्स पॉवर घसरत जाऊन लिंक गेली तर मॉड्यूल. ते ठीक असून लिंक गेली तर आरयूनंच तापून स्वतःला आवरलं. तेव्हा युनिट टेंपरेचर हायचा अलार्म आधी आलेला असतो.

आरयू भिंतीला उभा लावा, उष्णता सोडणारे पंख वर-खाली दिशेनं, पत्र्यापासून निदान हातभर खाली. आडवा टेबलावर ठेवलेला आरयू स्वतःच्याच हवेत शिजतो.

लाईटचंही बघा. लाईट जाऊन आली की सर्व्हर आणि स्विच एकदम उठतात, पण जीएनएसएसला लॉक व्हायला वेळ लागतो, आणि तोवर डीयू चुकीच्या वेळेवर सुरू होऊन बसतो. मग घड्याळ उडी मारतं आणि तुम्ही म्हणता काल तर चालत होतं. डीयूची सर्व्हिस पीटीपी४एलचा ऑफसेट १०० नॅनोसेकंदांच्या आत काही मिनिटं स्थिर राहिल्यावरच सुरू होईल अशी स्क्रिप्ट लावा. स्विचला वेगळा यूपीएस दिला तर अर्धा त्रास तिथंच संपतो. गच्चीवरच्या अँटेनाच्या केबलचा विलंबही भरा, मीटरला ४ ते ५ नॅनोसेकंद. एका खोलीच्या सेटअपला फरक पडत नाही, पण टीडीडीला टोकापर्यंत अधिक-उणे १.५ मायक्रोसेकंदांचंच बजेट असतं, सवय लागलेली बरी.

लायसन्स_आधी_बघा:

केबलवर चालवताय हे उत्तम, तसंच ठेवा. ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा २०२२ च्या लिलावात ऑपरेटरांकडे गेलेला आहे. कारखान्यात अँटेना लावून दाखवायचं म्हटलं की दूरसंचार विभागाचा प्रायोगिक परवाना आधी, आरयू नंतर. अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. ‘पाच मिनिटांचं तर प्रात्यक्षिक आहे’ हे कारण चालत नाही.

पण ३० डीबी फार कमी. २५० मिलीवॅट म्हणजे २४ डीबीएम. ते ३२७६ सबकॅरियरांत वाटलं की प्रत्येकाला ३५ डीबी कमी, म्हणजे पोर्टवर आरएसआरपी (एका सबकॅरियरची सिग्नल पातळी) उणे ११ च्या आसपास. ३० डीबीनंतर फोनला उणे ४१ मिळतो, रिसीव्हर गुदमरतो. उणे ८० ते ८५ हवा, म्हणजे एकूण ७० डीबी. पहिला ॲटेन्युएटर आरयूच्या बाजूला, निदान १ वॅट पेलणारा घ्या. उरलेल्या पोर्टांना ५० ओहमचे डमी लोड, उघडे सोडू नका.

आणि एसएसबीची पॉवर म्हणून डीयूमध्ये जो आकडा लिहिलाय तो त्या उणे ११ शी जुळवा. फोन पाथलॉस त्यावरून काढतो. तिथं १० डीबी चूक असेल तर प्रॅकही १० डीबी चुकीच्या पॉवरनं निघतो. एकाच कंपनीच्या बेस स्टेशनमध्ये हे कारखान्यातच जुळवलेलं असतं. इथं डीयू डिजिटल पातळी ठरवतो, गेन आरयू ठरवतो, आणि दोन्हींची बेरीज आपल्यालाच करावी लागते.

बाकी, ओपन म्हणजे कुठलाही आरयू कुठल्याही डीयूला, असं २०१८ ला ओ-रॅन अलायन्स निघाली तेव्हा बरेच जण समजले. स्पेसिफिकेशननं पर्याय मोकळे ठेवले आहेत, आणि कुठले पर्याय एकत्र चालतात ते आयओटी (परस्पर जुळणीच्या चाचणीच्या) प्रोफाइलमध्ये बांधून दिलं आहे. आरयू घेताना ७.२एक्स आहे का, एवढं विचारून भागत नाही. कुठलं प्रोफाइल, कॅटेगरी ए की बी, कॉम्प्रेशन कुठलं, हे लेखी घ्या. ए मध्ये प्रीकोडिंग (अँटेनांमध्ये सिग्नल वाटणं) डीयू करतो, बी मध्ये आरयू, आणि ती अदलाबदल सॉफ्टवेअर अपडेटनं होईलच असं नाही.

अक्कलकोटरोड_लॅब:

प्रॅकचा पेलोड ५८८ निघाला, डीयू ३५० धरून बसला होता. ते आणि ॲटेन्युएटर बदलल्यावर फोन जोडला गेला, पिंगही चालतो. सी-स्टेट बंद केल्यावर लेट थांबला. मॉड्यूल मागवलंय.

एक नवीनच: कॅरियर ॲक्टिव्ह केल्यावर साधारण ७० सेकंदांनी आरयू स्वतःच रीस्टार्ट होतो. कॅरियर मी एका छोट्या नेटकॉन्फ (उपकरणाची सेटिंग बदलण्याचा प्रोटोकॉल) स्क्रिप्टनं चालू करतो. सध्या ती स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवून पिंग घेतोय.

फ्रंटहॉल_फेरी:

७० आकडा ओळखीचा आहे: ६० अधिक १०. एम-प्लेनचा सुपरव्हिजन वॉचडॉग. आरयू दर ६० सेकंदांनी सुपरव्हिजन नोटिफिकेशन पाठवतो आणि त्यावर १० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात नेटकॉन्फ क्लायंटनं वॉचडॉग रीसेट केला नाही तर कंट्रोलर मेला असं समजून कॅरियर बंद करतो आणि स्वतः रीस्टार्ट होतो. तुमची स्क्रिप्ट काम झाल्यावर सेशन सोडून निघून जाते.

स्क्रिप्ट जिवंत ठेवा, सुपरव्हिजन नोटिफिकेशनला सबस्क्राइब करा, आणि प्रत्येक नोटिफिकेशनला सुपरव्हिजन-वॉचडॉग-रीसेटचा आरपीसी (दूरून दिलेला आदेश) पाठवा. त्याच आरपीसीत पुढच्या वेळचं अंतरही देता येतं, लॅबमध्ये मोठं ठेवा. कॉल होम वापरत असाल तर आरयूच तुमच्याकडे येतो, एसएसएचला पोर्ट ४३३४, टीएलएसला ४३३५. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये तो उघडा ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर आरयू दार वाजवत बसेल. त्याला तुमचा पत्ता डीएचसीपीच्या ऑप्शन ४३ मधून मिळतो, तोही तपासून घ्या.